किनारीत कोरलेलं नाव

धोंडीराम सोनकांबळे. हे नाव सगळ्यांत आधी लिहितो, कारण जिथे ते यायला हवं होतं तिथे मी ते येऊ दिलं नाही. सर आमच्या जिंतूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी इंजिनीअर झालो, सिंगापूरला आलो, यात माझ्या हुशारीचा वाटा थोडा आणि सरांचा फार मोठा.

गेल्या महिन्यात हौगांगचा फ्लॅट सोडून बिशानला जायचं ठरलं. सामान काढताना कपाटावरून पुठ्ठ्याची एक लांब नळी खाली आली. तीन वर्षांची धूळ. नळीवर माझ्याच हाताने, सुबक वळणात लिहिलेलं: प्रा. देशपांडे, पुणे. एवढंच. पुढे रस्ता नाही, पिनकोड नाही. पुण्यात या नावाचे प्राध्यापक पुष्कळ असतील. माझे कुणीच नव्हते.

झाकण काढलं तसा आतल्या छापील चित्राचा वास आला. छपाईची शाई जवसाच्या तेलात घोटलेली असते. तीन वर्षं कोंडलेला तो वास खोलीभर पसरला आणि मी सिंगापुरात असूनही आईच्या चुलीजवळ बसलो, पाट्यावर जवसाची चटणी वाटली जाताना. मग लगेच दुसरा वास आला, तो मात्र नळीत नव्हता. रॉकेल आणि ऑइलपेंट. तो सरांच्या हाताचा.

शाळा सुटली की सर पाट्या रंगवायचे. किराणा दुकानं, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरची ट्रॉली. जयंती जवळ आली की पंधरा दिवस आम्ही मुलं त्यांच्या अंगणात पडून असायचो. एप्रिलचं ऊन, बादल्यांत कालवलेला निळा रंग, कोपरापर्यंत निळे हात. मिरवणूक होऊन आठवडा गेला तरी नखांच्या कडा निळ्याच राहायच्या. आई भाकरी वाढताना हात पाहायची आणि हसायची.

सरांकडे स्टेन्सिलला पुठ्ठा नसे. ते सरकारी दवाखान्यातून जुने एक्स-रे मागून आणायचे. सोड्याच्या पाण्यात भिजवून वरचा काळा थर उतरवायचा, मग पारदर्शक कागद हाती येई. घाई असली की तसाच कापायचा. कुणाच्या तरी बरगड्यांमधून मी ‘येथे’ कापलाय, कुणाच्या मोडलेल्या मनगटातून ‘मिळेल’. सर मागे उभे राहून बघायचे.

“ब्लेड दाबू नगंस, आनंदा. नुसतं चालव. अक्षर घाबरतंय बघ.”

“सर, अक्षर कसं घाबरंल?”

“लिहिणारा घाबरला की तेही घाबरतंय. थोराड कर त्याला. रस्त्यापल्याडून दिसाया पाहिजे, कुणाचंय ते.”

एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना सरांनीच बसवलं. इंजिनीअरिंगचा फॉर्म त्यांनी भरला आणि एसटीत माझ्या शेजारी बसून पुण्यापर्यंत आले. निघायच्या आधी माझ्या पत्र्याच्या पेटीवर त्यांनी पांढऱ्या रंगात माझं नाव रंगवलं होतं. माझं, वडिलांचं, आडनाव. खाली मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. प्रत्येक अक्षराला काळी सावली दिली होती. एसटी स्टँडवर लोक थांबून वाचत होते आणि माझी छाती फुगत होती.

हॉस्टेलवर खोलीतल्या मुलाने ते नाव मोठ्याने वाचलं. पहिले दोन शब्द सरळ वाचले, तिसऱ्यावर जरा थांबला. पुढे काही विचारलं नाही. विचारायची गरजच नसते. आडनाव कळलं की बाकीचं आपोआप कळतं. तो चांगला मुलगा होता, पुढे चार वर्षं मित्र राहिला. पण दुसऱ्याच दिवशी खोलीत कुणी नसताना मी ब्लेड घेतलं आणि तिसरा शब्द खरवडून काढला. ब्लेड धरायला सरांनीच शिकवलं होतं. खरवडलेल्या जागी पत्र्याला गंज चढला आणि दरवर्षी पसरत गेला.

सिंगापूरला आलो तेव्हा वाटलं, इथे हे सगळं संपलं. वन-नॉर्थला ऑफिस, बाजूच्या टेबलांवर चिनी, मलय, तमिळ माणसं. त्यांना माझ्या आडनावाशी काही देणंघेणं नव्हतं. ऑफिसच्या पासवर पूर्ण नाव छापलेलं असायचं आणि मी तो गळ्यात घालून बेधडक फिरायचो. माझी भीती फक्त मराठीत होती. मराठी मंडळाच्या गणपतीत पहिल्यांदा गेलो तेव्हा यादीत मी ‘आनंद एम.’ लिहिलं. एका काकांनी विचारलं, “एम म्हणजे?”

“मारुती.”

“मारुती आडनाव? कर्नाटकाकडचे का तुम्ही?”

“हो, तिकडचेच.”

त्या दिवसापासून दोन-चार घरांत मी बेळगावकडचा होतो. एका काकूंनी तर मला कुंदा आणायला सांगितला होता.

सरांचा फोन यायचा. “जय भीम, आनंदा.” मी एकटा असलो तर जय भीम म्हणायचो. आसपास मराठी माणूस असला तर म्हणायचो, “नमस्कार सर, बोला.” सर तसेच पुढे बोलायचे.

मिस ओडेल भेटल्या त्या २००६ साली. आमच्या ऑफिसमागच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या बंगल्यांपैकी एकात चित्रकारांचा छापखाना होता. तिथल्या यंत्राचा रूळ अडकला होता, कुणी बघेल का, अशी चिठ्ठी आमच्या नोटीस बोर्डावर लागली. शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम आटोपून मी गेलो. यंत्र भलंमोठं, लोखंडी, चाकाला माणसाच्या उंचीचे दांडे. त्यामागून एक उंच, सत्तरीच्या बाई आल्या. पांढरे बारीक केस, दोरीला बांधलेला चष्मा, शाईने कडक झालेला एप्रन. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, जॉर्जियाच्या. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

“मॅडम, बेअरिंग गेलंय,” मी म्हणालो.

“मॅडम माझ्या आईच्या मालकिणीला म्हणायचे. मला मिस ओडेल म्हण.”

बेअरिंग बदलायला दोन शनिवार लागले. पुढचे सगळे शनिवार मी उगाचच जात राहिलो. त्या लिनोलियमच्या, म्हणजे फरशीवर अंथरतात त्या जाड थराच्या, तुकड्यांवर माणसं कोरून कागदावर छापायच्या. तुकडा आधी व्हरांड्यात उन्हात ठेवायचा, नरम झाला की कोरायचा. हमाल, धोबिणी, सुईण, न्हावी. भिंतीवर ओळीने लावलेले ते काळे-पांढरे चेहरे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, ही माणसं मला ओळखतात आणि मी मान खाली घालून पुढे चाललोय.

प्रत्येक चित्राला बोटभर रुंद किनार होती आणि किनारीत नावं कोरलेली.

“मोठमोठ्या संग्रहालयांतल्या चित्रांत आमची काळी माणसं आहेत,” मिस ओडेल म्हणाल्या. “कोपऱ्यात, ट्रे घेऊन उभी. खाली पाटीवर मालकाचं नाव असतं. कधी कधी कुत्र्याचंही असतं. ट्रे धरणाऱ्याचं नसतं.”

म्हणून त्यांचा नियम होता. ज्याचं चित्र त्याचं पूर्ण नाव किनारीत, आणि त्याच्या शेजारी, त्याला ज्याने घडवलं त्याचं. नावं ज्याची त्याने स्वतः, स्वतःच्या लिपीत कागदावर लिहून द्यायची. त्या ती उलटी करून कोरत. पहिला छाप घडवणाऱ्याला जाई. बाकीचे नंतर.

दुपारी कधी त्या स्लाइड दाखवायच्या. पडदे ओढलेले, पंखा घरघरतोय, यंत्र ‘खट्’ करून पुढचं चित्र टाकतंय. त्यांच्या लोकांतले चित्रकार. एक जण आगगाडीत गिऱ्हाइकांच्या बॅगा उचलायचा आणि दोन स्टेशनांच्या मधे पाकिटांच्या पाठीवर रंगवायचा. एक बाई लोकांचे कपडे धुऊन झाले की अंगणातला दगड कोरायची. मेल्यावर घरच्यांनी ते दगड पायऱ्यांना लावले. काही जण पॅरिसला गेले, काही मेक्सिकोला, कारण त्यांच्या गावात त्यांचं चित्र टांगायला कुणी भिंत देत नव्हतं. काही जण कुठेच गेले नाहीत. लहानशा कॉलेजांत शिकवत राहिले आणि तिथल्या वाचनालयाच्या भिंती रंगवून गेले. खट्. खट्. अंधारात मला दर वेळी तेच वाटायचं: यानंतर सरांचं अंगण येणार, निळ्या बादल्या येणार.

छापखान्यात मेधाताईही यायच्या. बँकेत अकाउंटंट, मंडळात सगळ्यांच्या मदतीला. मला त्यांनी पहिल्या दिवाळीला घरी जेवायला बोलावलं होतं आणि निघताना चकल्यांचा डबा हातात दिला होता. त्या मुलीला, सईला, चित्र शिकायला आणायच्या. त्यांनी मला कधी एक शब्द वावगा विचारला नाही. तरीही त्या आल्या की माझी पाठ ताठ व्हायची.

माझं चित्र काढायचं ठरलं त्या शनिवारी त्या समोरच्या टेबलावर सईबरोबर बसल्या होत्या. मिस ओडेल तासभर माझ्याकडे बघून रेघा ओढत होत्या. झाल्यावर पातळ कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली. “हं. नाव. आणि ज्यांनी घडवलं त्यांचं.”

मी पेन्सिल उचलली. थोराड, ठसठशीत अक्षर, सरांनी गिरवून घेतलेलं. ‘आनंद मारुती’ लिहिलं आणि थांबलो. सई वाकून बघत होती. मराठी वाचायला तिला आईने शिकवलं होतं, बोलायची मात्र इथल्या शाळेतलं सिंगापुरी इंग्रजी.

“अंकल, युअर नेम सो शॉर्ट आ?”

“सई, असं विचारू नये,” मेधाताई म्हणाल्या.

“बट माइन सो लाँग, व्हॉट. दे से मस्ट राइट ऑल.”

मी हसलो. आता दुसरं नाव. सोनकांबळे लिहिलं असतं तर मी गाळलेला शब्दही कळला असता. हात चालत राहिला. ‘प्रा. देशपांडे’. कुठून आलं ते नाव, मला आजही सांगता येत नाही. बहुधा त्या टेबलावर ते सगळ्यांत शोभेल असं वाटलं. सरांनी शिकवलेल्या वळणात मी सरांना गाळलं, आणि अक्षर इतकं देखणं आलं की मेधाताई म्हणाल्या, “किती सुंदर लिहितोस रे.”

पुढच्या शनिवारी पहिला छाप काढायचा होता. मी यंत्राचा दांडा धरला, त्यांनी शाईचा रूळ फिरवला. चिकट, जिवंत असा ‘चर्र’ आवाज. कागद उचलण्याआधी त्या स्टुलावर बसल्या आणि न विचारता बोलू लागल्या.

त्यांच्या गावात मिस्टर ल्यूशस म्हणून एक जण होते. काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायचे आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शाळेला चित्रकलेचं सामान मिळत नसे. म्हणून ते लोकांच्या स्वयंपाकघरातली उखडलेली लिनोलियमची फरशी मागून आणायचे आणि मुलांना कोरायला द्यायचे. मिस ओडेलचं पहिलं प्रदर्शन न्यूयॉर्कला भरलं तेव्हा एका बातमीदाराने विचारलं, कुठे शिकलात? आजूबाजूला सगळी मोठ्या शाळांतून शिकलेली मंडळी. स्वयंपाकघराची फरशी कशी सांगायची. त्या म्हणाल्या, कुणीच नाही शिकवलं, माझी मीच शिकले. तेच छापून आलं.

“मिस्टर ल्यूशसनी ते कात्रण आपल्या पाट्यांच्या दुकानात लावलं,” त्या म्हणाल्या. “काच घालून. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, ही बघा आपली ओडेल. मला काही म्हणाले नाहीत. गेले तेव्हाही ते कात्रण तिथेच होतं.”

मग त्यांनी कागद एका कोपऱ्याने उचलला. काळ्यातून मी वर आलो. नाक, भुवया, गळ्यातली पट्टी. खाली दोन नावं.

“नावं बरोबर आहेत ना?” त्यांनी विचारलं. त्यांची नजर माझ्या छातीवर क्षणभर टेकली. मला वाटलं शर्टाला शाई लागली असेल. “चुकलं असेल तर सांग. किनार वेगळी कापलेली असते. आज संध्याकाळी नवी करून देईन.”

मेधाताई त्या दिवशी नव्हत्या. सई नव्हती. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि वाळणारी शाई.

“बरोबर आहेत,” मी म्हणालो.

आधीचं खोटं घाबरून बोललो होतो, असं म्हणता येईल. याला काय म्हणू?

त्यांनी छाप नळीत घालून माझ्याकडे दिला. पत्ता तूच लिही, म्हणाल्या. महिन्याभराने त्या परत गेल्या. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि त्यांच्या बोटांना रॉकेलचाच वास होता.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. मला गप्प बसता आलं नाही. सांगितलं, एका अमेरिकन बाईंनी माझं चित्र कोरलंय, नावासकट.

“पूर्ण नाव टाकलंय का?”

“हो सर.”

“अक्षर कुणाचं?”

“माझंच.”

“मग पाठव की एखादं. वर्गात लावतो. पोरं बघतील.”

पाठवतो म्हणालो. नंतर सर निवृत्त झाले. त्यांचा हात कापायला लागला, पाट्या सुटल्या. फोन येत राहिले. चित्राचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

नळी सापडली त्या रविवारी मेधाताई सामान बांधायला आल्या होत्या. मी चित्र जमिनीवर पसरून बसलो होतो. त्या शेजारी खाली बसल्या.

“अजून पाठवलं नाहीस? कसे आहेत देशपांडे सर?”

“देशपांडे सर कुणी नाहीत, ताई.” मग मी खरं नाव सांगितलं. सरांचं, आणि माझं, तिसऱ्या शब्दासकट.

त्या म्हणाल्या, “तुझं माहीत होतं रे.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. दर शनिवारी ऑफिसचा पास गळ्यात घालूनच यायचास. हे काय, चित्रातही आहे.” त्यांनी माझ्या कोरलेल्या छातीवर बोट ठेवलं. पट्टी होती, खाली छोटा चौकोन होता. मिस ओडेलनी त्यात अक्षरं कोरली नव्हती. ती जागा पांढरी सोडली होती. “तू सांगत नव्हतास, म्हणून मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, तेही मला कळलं नाही. चुकलंच असेल माझं.”

त्यांचं काय चुकलं असेल ते असो. मी मात्र ज्यांच्यापासून लपवत होतो त्यांच्यासमोर दर शनिवारी तेच आडनाव गळ्यात घालून वावरत होतो. लपलं कुणापासूनच नाही. फसवलं फक्त एका माणसाला, आणि त्या माणसाने माझ्याकडे एक चित्र मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुओना व्हिस्टा स्टेशनला उतरून छापखान्याच्या बंगल्यापर्यंत चालत गेलो. तिथे आता कुणी कुंड्या बनवतं. यंत्र गेलंय. फरशीवर त्याच्या चार पायांचे चौकोन तेवढे फिकट राहिलेत. व्हरांड्यात, जिथे लिनोलियम ऊन खात पडायचं, तिथे ओल्या मातीचा वास होता. आतल्या मुलीने विचारलं, काही हवंय का? नको म्हणालो.

घरी येऊन सामानातल्या फाइलमधून माझा जुना एक्स-रे काढला. कामाच्या परवान्यासाठी इथे छातीचा काढून घेतात, तो. आणि नवं ब्लेड आणलं. दाबलं नाही. नुसतं चालवलं. काल सकाळी पोस्टात जाऊन, नळीवर सरांचा पत्ता लिहून तिच्यात चित्र, तो एक्स-रे आणि हे पत्र असं सगळं पाठवलं.

आदरणीय सर,

सविनय जय भीम.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही मागितलेलं चित्र सोबत पाठवत आहे. फोनवर मी म्हणालो होतो की त्यात पूर्ण नाव आहे. ते खोटं होतं. किनार बघाल तर माझं नाव अर्धं दिसेल, आणि शेजारी तुमच्या नावाच्या जागी दुसरंच एक नाव दिसेल. त्या नावाचा माणूस नाही. अक्षर माझंच आहे, तुम्ही ओळखालच. मला कुणी लिहायला लावलं नव्हतं. बदलायची संधीही मिळाली होती.

पेटीवरचं आडनावही मीच खरवडलं होतं. घरी आणली तेव्हा एसटीत घासलं गेलं असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ‘पुन्हा रंगवून देतो’ म्हणालात आणि मी ‘राहू द्या’ म्हणालो.

सोबत एक्स-रे आहे. माझ्याच छातीचा आहे. सोड्यात भिजवला नाही, तसाच कापला. त्यात दोन नावं आहेत, तुमचं आणि माझं, पूर्ण. हात कापतो असं तुम्ही म्हणता, म्हणून स्टेन्सिल करून पाठवतोय. नुसतं धरून वरून बोळा फिरवला की झालं. चित्राखाली कोरी जागा आहे, तिथे मारा. रंग तुम्हाला हवा तो. वरचं खोटं नाव खोडू नका. पोरांनी विचारलं तर कोणी लिहिलं ते सांगा.

तुमच्या जुन्या वर्गात नेऊन लावण्याजोगं वाटलं नाही तर लावू नका. दिवाळीत मी येतोय. पेटी तुमच्याकडे घेऊन येईन. गंज मी घासून काढतो. पुढचं तुम्ही सांगाल तसं.

तुमचा विद्यार्थी,
आनंद मारुती वाघमारे
मु. पो. पिंपळवाडी, ता. जिंतूर, जि. परभणी